किताबखान्यातलं मीठ

१

दसरा सरला की तिसऱ्या दिवशी भिवा मढवी कल्याणला जायचा. शीळफाट्याच्या अलीकडे खाडीकाठी त्याचं गाव, आणि तिकडे दूधनाक्याच्या आतल्या गल्लीत तो जुना मदरसा. मधल्या रस्त्यावर काय काय उभं राहिलं, काय काय पाडलं गेलं, पण भिवाची फेरी चुकली नाही. त्याच्या बापाची चुकली नव्हती, आज्याची चुकली नव्हती.

काम तसं साधं. मदरशात एक किताबखाना आहे. हाताने लिहिलेल्या जुन्या किताबी तिथे जपून ठेवल्यात. कागदाला ओल खाते, म्हणून मृगाच्या आधी खोलीत मिठाने भरलेले मातीचे परळ मांडायचे, खोली बंद करायची, आणि दसऱ्यानंतर उघडून ते उचलायचे. चार महिने मीठ हवेतलं पाणी पीत बसतं. हे मीठ मढव्यांच्या मिठागराचं. आगर बुजलं, त्यावर सोळा-सोळा मजले चढले, भिवाच्या मुलाने त्यात चार फ्लॅट घेतले. पण म्हाताऱ्याने बांधाकडेचे दोन वाफे काही सोडले नाहीत. फक्त मदरशापुरतं मीठ त्यात पिकवायचा. टॉवरमधली माणसं कुत्री फिरवताना थांबून त्याचे फोटो काढायची.

या वर्षी मात्र तो निघाला तो न जेवता.

आदल्या दिवशी कर्ते उस्तादांचा फोन आला होता. याकूब कर्ते, मदरशाचे मोठे उस्ताद. साठी उलटलेले, बोलणं मऊ. म्हणाले, "भिवादादा, राग मानू नका. खोली उघडली तर मोठ्या किताबीच्या पानावर मिठाचे डाग आहेत. कमिटीचं म्हणणं, तुमचं मीठ उडालं."

"मीठ उडत नाय, उस्ताद."

"मला माहीत आहे. तुम्ही या. डोळ्यांनी बघा, आणि तुम्हीच सांगा."

नात जागृती स्कूटर काढत म्हणाली, "आजा, आधी दोन घास खा. चक्कर येऊन पडलास ना मागच्या मागे, तर मी थांबणार नाय हां."

"चल गं बाय."

"एवढं काय टेन्शन घेतोस? मीठच तर हाय."

भिवा मागे बसला, मांडीवर नव्या मिठाची पुरचुंडी घेतली. त्याला आयुष्यात लिहिता-वाचता आलं नाही, शेतीत तो बापाएवढा कधी झाला नाही. एक मीठ तेवढं त्याचं होतं. त्याच्या मिठाने त्या किताबीला डाग लावला असेल, तर चार पिढ्यांनी तिथे नेलं ते काय, असं त्याच्या मनात घोळत होतं. मेट्रोच्या खांबांखाली गाड्या अडकल्या होत्या. जागृती हॉर्न मारत होती. त्याला ऐकूच येत नव्हतं.

२

मदरशात शिरलं की गल्लीचा गोंगाट दारातच राहतो. चौकात मुलांचा पाठ चालू होता, तीसेक गळ्यांचा एकच आवाज, मधमाश्यांसारखा. भिवाला त्यातलं अक्षर कळत नसे, पण दर वेळी तो त्या आवाजाजवळ जरा उभा राहायचा. एवढी माणसं एकदम एक गोष्ट तोंडपाठ करतात, याचं त्याला फार कौतुक.

त्याने चपला काढल्या, हौदावर हातपाय धुतले, टोपी नीट केली. जागृती ओढणी डोक्यावर घेऊन ओसरीवर बसली.

उस्तादांनी किताबखान्याचं दार उघडलं. शिसवी दार, आत सागवानी छत, वर दोन झरोके. भिंतीभर कपाटं. एका कपाटात जुन्या बुजुर्गांच्या वस्तू: मणी झिजून गुळगुळीत झालेली जपमाळ, एक काठी, पाणी प्यायची तांब्याची वाटी, बोरूची लेखणी. भिवाला ती लेखणी सगळ्यात आवडायची. टोकाची शाई दगडासारखी झालेली. जणू कुणी मधेच उठून गेलं आणि आता येईल.

आणि मधोमध, चटईसमोर, लाकडाच्या घडीच्या रेहलवर, हिरव्या कापडाच्या बासनात, ती मोठी किताब. एका माणसाने अकरा वर्षं बसून हाताने लिहिलेलं कुराण. काळी अक्षरं, लाल वेलबुट्टी, मध्ये सोन्याची फुलं. भिवाने तिला कधी हात लावला नव्हता. तो घराण्याचा नेमच होता: परळाला हात, किताबीला नाही. उस्ताद उघडत तेव्हा लांबूनच बघायचा. वाफ्यावर पहाटे मिठाची पहिली साय धरते, तसं ते पान त्याला वाटायचं. फुंकर घालायचीही भीती वाटावी, इतकं जपून केलेलं.

"आज असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर बुबेरे येतील," उस्ताद म्हणाले. "कमिटीचे सेक्रेटरी. माणूस चांगला आहे, पण त्यांना कारण पाहिजे. मिठाने झालं असेल तर मीठ बंद, ओल ओढणारं मशीन बसवायचं. मिठाने झालं नसेल तर मग किताबीतच काही बिघाड आहे. ती प्रयोगशाळेत पाठवणार."

"तिकडे काय करतात?"

"शिलाई उसवतात. पान अन् पान सुटं करतात. वर्ष तरी जाईल, कदाचित दोन." उस्तादांनी किताबीकडे पाहिलं. "ती या उंबऱ्याबाहेर कधी गेलेली नाही, दादा."

३

भिवा कामाला लागला. एकवीस परळ. वीस कपाटांच्या पायाशी, आणि एक रेहलजवळ, वाचायला बसणाऱ्याच्या बाजूला. तो एकविसावा परळ कधी रिकामा ठेवायचा नसतो. जुनं मीठ काढलं की लगेच नवं घालायचं.

पहिला परळ उचलला. आत मिठाचा चिखल आणि बोटभर पाणी. त्याने करंगळी बुडवून जिभेला लावली. हीसुद्धा घराण्याची रीत. चव बघून कळतं, मीठ किती प्यालं, अजून किती दम आहे. दुसरा तसाच. गल्लीकडच्या भिंतीचे जरा जास्त प्यालेले. आतल्या भिंतीचे कमी. सगळे ओळखीचे. आपली गुरं गोठ्यात परत आलेली बघावी, तसं त्याला बरं वाटलं.

मग तो रेहलजवळच्या परळापाशी आला, आणि खाली बसता बसता थांबला.

परळ कोरडा होता. नुसता कोरडा नाही, शिगोशीग भरलेला. भिवाने जूनमध्ये बोटभर रिकामा ठेवला होता, कारण मीठ पाणी पिऊन फुगतं. आता वर टेकडी झाली होती, आणि त्यावर पातळ, चकचकीत पापुद्रा. असा पापुद्रा चैत्राच्या उन्हातच धरतो, उघड्या वाफ्यावर, वाऱ्याखाली. बंद खोलीत, भर पावसाळ्यात, तो धरत नाही.

"यात कुणी मीठ घातलं का?"

"खोली मी बंद केली, मीच उघडली," उस्ताद म्हणाले. "किल्ली गळ्यात असते माझ्या."

भिवाने वर पाहिलं. भिंतीला लोणा लागला की पांढरी पूड गळते, हे त्याला ठाऊक होतं. पण वर भिंत नव्हती, सागवान होतं. उंदीर मीठ खात नाही, आणून तर घालतच नाही. म्हातारपणी आपलाच अंदाज चुकला असेल. आपणच भरून ठेवला असेल. असेल, असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं. पण हात परळाकडे जाईना.

शेवटी त्याने करंगळीने कणभर उचललं आणि जिभेवर ठेवलं.

४

मीठ म्हणजे मीठ, असं आपण म्हणतो. आगरावर जन्म गेलेल्या माणसाला तसं वाटत नाही. खाडीच्या मिठाला चिखलाची जरा कडसर चव असते. भिवाला ती डोळे मिटून ओळखता यायची. हे ते नव्हतं. हे बारीक होतं, आणि जिभेवर कोमट लागलं.

चव मात्र त्याची ओळखीची होती. शकू, त्याची बायको, गेली त्या वर्षी तो महिनाभर एकटाच बांधावर जाऊन बसायचा. तेव्हा मिशीत उतरून ओठांवर यायचं, ते हे.

त्याने करंगळी फडक्याला पुसली.

"उस्ताद, हे माझं नाय."

उस्तादांनी सुस्कारा सोडला. सुटल्याचा नव्हता तो. "मग काय आहे?"

"कसं सांगू? माणसाच्या अंगातलं हाय. डोळ्यातलं."

उस्तादांनी हात पुसले, बिस्मिल्ला म्हटलं, हिरवं बासन सोडलं आणि किताब उघडली. "कमिटीने एकच पान पाहिलंय. मी सगळी पाहिली. तुम्हीही बघा."

पानावर पांढरे ठिपके होते, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढे. एकाजवळ एक, जोडीजोडीने. ते नेमके अक्षरांवर पडले होते, आणि शाई कुठेही फुटली नव्हती. पाणी पडलं असतं तर ओघळली असती. जणू पडणाऱ्यालाच अक्षराची काळजी.

उस्तादांनी मागची पानं उलटली. तिथेही होते, फिके, जुने. आणखी मागे, आणखी फिके. अगदी पहिल्या पानावर नखाएवढा पिवळट डाग राहिला होता.

"आणि पुढे?" भिवाने विचारलं.

उस्तादांनी पुढचं पान उलटलं. कोरं करकरीत सोनं. त्याच्या पुढचं तसंच. शेवटापर्यंत एकही ठिपका नाही.

"इथवर आहे," उस्ताद हळूच म्हणाले. "पुढे नाही. माझ्या वालिदांनी, वडिलांनी मला किताबखाना सोपवला, तेव्हा ते इतकंच म्हणालेले, की पावसाळ्यात दार उघडू नकोस. मला वाटलेलं, ओलीसाठी."

बाहेर अजान झाली. चौकातला पाठ थांबला. उस्तादांनी किताब त्याच पानावर आणून उघडी ठेवली. "मी नमाज पढून येतो. तुम्ही परळ भरून घ्या. बुबेरे आले की तुम्ही सांगाल ते मी मान्य करीन."

५

दारातून दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ओसरीवर जागृती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगं, आजा अजून आतच हाय. मिठाची मुलाखत घेतोय." भिवाला हसू आलं. त्या हसण्याने त्याला जरा धीर आला.

त्याने कोमट मीठ एका फडक्यात काढून बाजूला ठेवलं, पुरचुंडी सोडली आणि परळ नव्या मिठाने भरला. जाडं, करडं, आपलं मीठ. तळव्याने सपाट केलं. रेहलच्या पायाशी, चटईच्या कडेला ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठला आणि दाराकडे मागे सरला.

टप्.

आवाज इतका लहान की त्याने तो जमेस धरला नसता. पण सपाट मिठात एक खळी पडली होती. भिवा बघत राहिला. त्या खळीशेजारी दुसरी पडली. वरून काही येताना दिसलं नाही. नुसती खळी पडली, आणि तेवढं मीठ ओलं झालं.

भिवाला वाटलं, आपल्या कपाळाचा घाम असेल. त्याने कपाळ चाचपलं. कोरडं होतं. घाम नसता गेला तिथवर, तो चार हात लांब उभा होता.

मग त्याला चटई दिसली. तिच्या काड्या दोन ठिकाणी दबलेल्या होत्या, एकमेकांजवळ, गुडघे टेकावेत तशा. मघाशी तो स्वतः तिथे टेकला होता का? टेकला नव्हता. चटईवर पाय द्यायचा नाही, हाही नेमच.

पानावर एक बारीक सावली होती. काडीची असावी तेवढी. ती उजवीकडून डावीकडे ओळीखालून चालली होती. एका शब्दापाशी थांबली. मागे गेली. पुन्हा त्या शब्दाखाली आली, पुन्हा अडली, पुन्हा मागे. जागृती पहिलीत असताना अशीच अक्षराखाली बोट धरून बसायची. एक शब्द चारदा, मग पुढचा.

भिवाला कळलं, इथे कुणीतरी वाचत बसलंय. त्याला वाटलेलं, वाचणारा कुणी मोठा विद्वान असेल. हा तर त्याच्यासारखाच होता. ज्याला येत नव्हतं, आणि तरी बसला होता. किती वर्षं, ते पहिल्या पानावरचा पिवळा डाग जाणे.

सावली ओळीच्या टोकाला पोचली. डाव्या पानाचा खालचा कोपरा उचलला गेला, पान उभं राहिलं, क्षणभर कुणाच्या तरी हातात असल्यासारखं थांबलं, आणि उजवीकडे जाऊन हळूच निजलं. ठिपका नसलेलं नवं पान वर आलं.

भिवाच्या तोंडून श्वास जरा मोठा गेला.

सावली थांबली. चटईच्या काड्या करकरल्या. तिथले दोन दाब हळूहळू सरकले, तिरके झाले, दाराकडे वळले. म्हणजे भिवाकडे.

ओरडावं, असं त्याला वाटलं. ओरडणं काही आलं नाही. जे आलं ते लहानपणी बापाने शिकवलेलं. कुणी प्रार्थनेला बसलं असेल तर समोरून जायचं नाही, नजर खाली घ्यायची. त्याने नजर खाली घेतली. टोपी सरळ केली. पाठ न फिरवता एक एक पाऊल मागे सरकला. खोलीत गरम श्वासाचा वास होता, उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तसा.

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नसतं. मग काड्या पुन्हा करकरल्या. त्याने मान वर केली नाही. पण मिठात पडलेला पुढचा टप् त्याला ऐकू आला.

६

नमाज सुटल्यावर बुबेरे आले. अल्ताफ बुबेरे, पन्नाशीचा उमदा माणूस, हातात फाईल. भिवा ओसरीवर जागृतीजवळ बसला होता. किताबखान्याचं दार त्याने ओढून घेतलं होतं.

"काका, बरे आहात ना? चेहरा उतरलाय."

"जेवला नाय तो सकाळपासून," जागृती म्हणाली. "तुमच्यामुळे."

"अरे, मग आधी चहा मागवतो. काका, माझं भांडण नाहीये तुमच्याशी. तुमच्या वाडवडिलांचे आमच्यावर उपकार आहेत. पण मला कमिटीला लेखी द्यायला लागतं. तुम्ही एवढंच सांगा. ते मीठ तुमचं, का नाही?"

उस्ताद मागे येऊन उभे राहिले. त्यांनी भिवाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. आपल्यामुळे काही ठरू नये, म्हणून असेल.

भिवा सावकाश विचार करणारा माणूस. त्याने वेळ घेतला. माझं नाही म्हटलं तर मढव्यांच्या मिठावर डाग राहत नव्हता. खरंही तेच होतं. पण मग किताब जाणार होती. शिलाई उसवणार, पान अन् पान वेगळं होणार. आणि ती गेल्यावर चटईवरचा तो इथेच रिकाम्या रेहलसमोर बसून राहील, की तिच्या मागे निघेल? उंबरा ओलांडून, गल्लीतून, माणसांतून? भिवाला भीती होतीच. पण त्याहून एक बारीकसं दुःख होतं, की इतक्या वर्षांनी त्याला आत्ता कुठे नवं पान मिळालंय.

"माझंच हाय," भिवा म्हणाला.

जागृती उठूनच उभी राहिली. "आजा! काल फोनवर काय म्हणत होतास? मीठ उडत नाय म्हणून?"

"या वर्षी बारीक पडलं गं. हात थरथरतो आता. भरताना सांडलं असंल." तो बुबेऱ्यांकडे वळला. "चूक माझी. पुढल्या सालापासून मीठ नको. तुमचं मशीन बसवा. किताबीला काय झालेलं नाय, ती हलवू नका."

बुबेऱ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कागदावर चार ओळी लिहिल्या, वाचून दाखवल्या. भिवाच्या अंगठ्याला शाई लावली. जागृतीने तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते रागाचं होतं. भिवाने अंगठा नीट दाबून उठवला, मग शाई टोपीला लागू नये म्हणून हात लांब धरून बसला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुमचं मशीन आवाज करतं का?"

"थोडा. घूं असा. का हो?"

"जरा बिनआवाजाचं बघाल? महाग असलं तर मुलाला सांगतो मी, तो भरंल."

बुबेरे हसले. "काका, बंद खोलीत आवाजाचा त्रास कुणाला होणार?"

भिवाने दाराकडे पाहिलं. उस्ताद किताबखान्याच्या दारापाशी गेले होते, कुलूप हातात. दार किंचित उघडं राहिलं होतं. त्या फटीतून आत काळोख होता आणि कुठलाच आवाज नव्हता. मिठाचा नाही, पानाचा नाही, चटईचा नाही. तरी ती शांतता रिकाम्या खोलीची नव्हती. वाचता वाचता शब्दावर बोट ठेवून कुणी थांबावं, आणि बाहेरची माणसं बोलणं आटपून कधी जातात याची वाट बघावी, तशी होती.

उस्तादांनी आवाज न करता दार लावून घेतलं.

"चला," भिवा हळू आवाजात म्हणाला, आणि चपला हातात घेऊन अनवाणीच पायऱ्या उतरला. "आपण निघूया. खोळंबा होतोय."